खिरापतीच्या डब्यातला पापुद्रा

नागपूर,
कोजागिरीचा दिवस, दुपार

प्रिय नाजिश,

पाकीट फाडल्याबरोबर तू आधी शेवटचं पान उलटून पाहिलंस ना? मला ठाऊक आहे. तिथे आकडा नाही. आलेखही नाही. आता मनातल्या मनात मला शिव्या देऊन झाल्या असतील, तर प्लास्टरातला पाय उशीवर ठेव, घोटभर पाणी पी आणि मुकाट्यानं पहिल्या पानावर परत ये. निकाल फोनवर सांगायचा नाही ही अट तुझीच. माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तुला सगळं कळतं आणि मग पुढची माझी समजूत घालणारी बडबड ऐकवत नाही, म्हणून लिहून पाठव म्हणालीस. बरं बाई. पण मला लिहायला बसवलंस म्हणजे मी माझ्या चालीनं लिहिणार, हे इतकी वर्षं एका खोलीत राहून तुला कळायला हवं होतं.

हॉस्टेलच्या पलंगावरून तू केलेलं भाषण अजून माझ्या कानात आहे. हे शेवटचं सॅम्पल, योगिनी. यातून उजेडाचा एकेक कण सुटा सुटा निघताना दिसला तर पीएचडी पुरी करते, नाही तर सरांना सांगून मोकळी होते आणि मालेगावला जाऊन अब्बांच्या दुकानात बसते. अब्बांचा गुडघा गेलाय, अशफाकला एकट्याला दुकान झेपत नाही, घरात कुणीतरी हवंच, वगैरे वगैरे. मला भीती वाटली, कारण तू रडत नव्हतीस. तू रडलीस की मला बरं वाटतं, थोड्या वेळानं तू उठून काहीतरी खातेस आणि गाडी रुळावर येते. त्या दिवशी तू शांतपणे नखं कापत बोलत होतीस. मागची सॅम्पलं कशी वाया गेली ते मी पाहिलंय. त्यात आपल्या लॅबचं थंड करायचं यंत्र बंद पडलेलं, त्याचा सुटा भाग कुठल्याशा बंदरात धूळ खात पडलेला. नागपूरच्या लॅबनं मोठ्या मनानं एक दिवस दिला, तर नेमकी तू जिन्यावरून घसरलीस. म्हणून सॅम्पलची ती इवलीशी डबी माझ्या हाती आली. जिवापाड सांभाळ, धक्का लागू देऊ नकोस, असं तू मला रिक्षात बसेपर्यंत बजावत होतीस. तर नाजिश, डबी हलली. थोडीथोडकी नाही. मेडशीतल्या आमच्या गल्लीतल्या साऱ्या पोरींनी मिळून हलवली.

थांब, ओरडू नकोस, शेजारच्या खोलीतल्या धावत येतील. क्रमानं सांगते. पुण्याहून नागपूरची वाट आपल्या मेडशी-मालेगावाकडूनच जाते, मग घर ओलांडून पुढे जायचं म्हणजे आईनं जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून एक रात्र घरी राहायचं ठरवूनच निघाले होते. आईनं दारातच विचारलं, "काय वं, एवढं काय उराशी धरून राह्यली?" मी म्हटलं, नाजिशचं वर्षाचं काम आहे यात, धक्का लागता कामा नये. तिनं डबी उजेडात धरून पाहिली. आत नखाएवढा काळा चकचकीत तुकडा, बाकी काही नाही. "एवढुश्या प्लॅस्टिकमंधी ठेवलं? तुटन ना थे," असं म्हणून तिनं मान हलवली. मी हसले, डबी देवाजवळच्या फळीवर ठेवली आणि बाबांच्या मागे वावरात गेले. आभाळ भरून आलं होतं आणि कापून रचलेली सोयाबीनची सुडी उघडी पडली होती.

सुडीवर टाकायची ताडपत्री तुमच्याच दुकानातली, हे वेगळं सांगायला नको. बांबू रोवून आम्ही ती ताणत होतो, तेव्हा बाबांनी विचारलं, की तुमी दोघी पोट्ट्या तठी पुण्यात नेमकं करता तरी काय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं गं माणसानं! मग मी ताडपत्रीवरूनच सुरू झाले. म्हटलं, बाबा, आमची पण एक ताडपत्रीच आहे, फक्त तीन अणू जाडीची, टंगस्टन आणि सेलेनियमची. तिच्यावर लेझरचा उजेड टाकला की आतला एखादा इलेक्ट्रॉन उठून जागा सोडतो, मागे त्याची रिकामी जागा उरते, आणि ही दोघं जोडीनं त्या पापुद्र्यात भटकत राहतात. त्या जोडीला एक्सिटॉन म्हणायचं. इलेक्ट्रॉन परत त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला की जोडी मोडते आणि उजेडाचा एक कण बाहेर पडतो. पण सपाट पापुद्र्यात अशा असंख्य जोड्या हुंदडतात, कुठेही मोडतात, म्हणून सगळा नुसता पसरट उजेड. नाजिश काय करते, खाली डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खुंट्या उभ्या करते आणि त्यांच्यावर हा पापुद्रा अंथरते. खुंटीपाशी तो ताणला जातो आणि तिथे जोडीसाठी जणू एक खळगा तयार होतो. जोडी भटकत येऊन त्यात पडते, की तिला हलता येत नाही. खळगा इतका लहान, की एका वेळी एकच जोडी मावते, म्हणून उजेडाचाही एका वेळी एकच कण. तो गेला की मग दुसरा.

बाबांनी मधेच आलेल्या सरीचं, ताडपत्रीच्या झोलात साचलेलं पाणी काठीनं खालून ढकलून उडवलं आणि म्हणाले, "म्हंजे आमी जो झोल काढासाठी मरून राह्यलो, थोच तुमी मुद्दाम पाडता?" मी म्हटलं, हो. "आन् सरकार याच्यासाठी तुमाले पगार देते?" मी म्हटलं, हो. "बाप्पा!" एवढंच म्हणाले आणि दोर आवळायला लागले. मग मी उपयोग सांगितला. एकेका कणावर निरोप पाठवला तर मधे कुणी चोरून ऐकलेलं लपत नाही, लगेच कळतं. हे मात्र त्यांना एकदम पटलं, कारण भावकीतल्या मोबाइलवरच्या भानगडी त्यांना ठाऊक आहेत. आणि मग म्हणाले, "एवढं चांगलं काम हाय, तं थे नाजिश सोडून काहून राह्यली?" मी त्यांना तुझा तो अब्बांच्या गुडघ्याचा पाढा म्हणून दाखवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या टोकाचा बांबू ठोकायला गेले.

इकडे घरी काय चाललं होतं ते ऐक. मी मालेगावला मावशीकडे राहून शिकत होते तेव्हाची, आपल्या गल्लीतली भुलाबाई तुला आठवते ना? महिनाभर रोज संध्याकाळी मातीच्या भुलाबाईपुढे गाणी, आणि मग ज्या घरची पाळी त्या घरच्या पोरीनं खिरापतीचा झाकलेला डबा आणायचा, बाकीच्यांनी कानाशी धरून हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. आम्ही वेड्यासारखा डबा खुळखुळवायचो आणि तू मात्र डब्याला हातसुद्धा न लावता जिच्या घरची खिरापत तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचीस. तिखट आहे, हिचे हात झोंबताहेत. गोड आहे, ही ओठ चाटतेय. तुझ्या अम्मी, कुलसुम चाची, दरवाजातून हाक मारून दमायच्या, पण खिरापत ओळखल्याशिवाय तू घरी गेली नाहीस. मावशी म्हणायची, ही पोरगी एक तर डॉक्टर होईल नाही तर पोलीस.

तर परवा पाळी आमच्या निकिताची होती, माझ्या भावाची मुलगी, चौथीत आहे. आईनं तिच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू करून स्टीलच्या छोट्या डब्यात भरले होते. त्या डब्याचा जुळा भाऊ घरात आहे, दोन्हींवर आईच्या लग्नातल्या आहेराचं नाव कोरलेलं. आणि आमच्या मातोश्रींना दुपारभर चैन पडेना. नाजिशच्या वर्षाच्या कामाला प्लॅस्टिक कसं पुरेल? म्हणून तिनं प्रेमानं, मायेनं, पदरानं पुसून, तुझी डबी त्या दुसऱ्या डब्यात घातली आणि झाकण गच्च लावून फळीवर ठेवली. लाडूंच्या डब्याशेजारी. निकितानं कोणता उचलला ते तुला ओळखायला सांगत नाही.

मी चिखलाच्या पायांनी अंगणात आले तेव्हा डबा हातोहात फिरत होता. आतून टक, टक, असा आवाज. "खडीसाखर!" "सुपारी!" "एकच शेंगदाणा हाय वं, निकिताची आजी कंजूस हाय!" हे ऐकून आई स्वयंपाकघरातून तावातावानं बाहेर आली. कुणालाच ओळखता येईना, म्हणून दुसरी फेरी, आणखी जोरात. शेवटी साऱ्या हरल्या आणि निकितानं मोठ्या ऐटीत झाकण काढलं. एका चिमुरडीनं वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "हे खाचं कसं?"

मी झेप घेतली, पण काय उपयोग? तुकडा डबीच्या तळाच्या चिकट गादीवरून सुटला होता आणि कोपऱ्यात पालथा पडला होता. म्हणजे ज्या तोंडावर तुझा पापुद्रा, तेच तोंड प्लॅस्टिकवर घासलेलं. मी तिथेच फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले. हो, मी. बोर्डाच्या निकालाला रडले नव्हते, सरांनी माझा पेपर तीनदा फिरवला तेव्हा रडले नव्हते. पोरी घाबरून भिंतीला चिकटल्या. निकिता आत पळाली, लाडूंचा खरा डबा घेऊन आली आणि एक लाडू माझ्या हातात ठेवला. मी रडत रडत तो खाल्ला, आता खोटं कशाला सांगू, चांगला झाला होता. आई मात्र तेव्हापासून एकच घोकतेय, "म्या काहून हात लावला वं त्याले, आता नाजिशले काय तोंड दाखवू." तुझ्यासाठी तिनं चकल्यांचा डबा दिलाय. तिच्यावर रागावायचं असेल तर आधी चकल्या खा, मग तुला जमतं का बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालेगावला आले. नागपूरची गाडी तिथूनच पकडायची होती आणि कुलसुम चाचींकडून तुझे गरम कपडे घ्यायचे होते. तुझ्या अब्बांना, इब्राहीम चाचांना, भेटायचं, पण काही सांगायचं नाही, असं पक्कं ठरवलं होतं. सोयाबीनचा सीझन, वर आभाळ भरलेलं, दुकानापुढे ही गर्दी! ताडपत्री, दोर, बारदान्याची पोती, सगळ्यांना आत्ताच पाहिजे. चाचा गादीवर गुडघ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून बसलेले, अशफाक शिडीवर चढून माल काढतोय आणि तिथूनच गिऱ्हाइकांशी भांडतोय. तुझ्या चुलत भावाला दुकान झेपत नाही असं तुला कुणी सांगितलं गं? चाचांनी फक्त एवढंच विचारलं, "नाजिशचा पाय कसा हाय?" आणि माझा बांध फुटला. दोरांच्या ढिगावर बसून मी सगळं ओकले. खिरापत, पालथा तुकडा, तुझं शेवटचं सॅम्पल, उजळलं नाही तर तू कायमची परत येणार ते, त्यांचा गुडघा आणि दुकान, सगळं. मला वाटलं, लेक घरी येणार म्हणून त्यांना आतून बरंच वाटेल. त्यांनी दोन चहा सांगितले आणि दोन्ही स्वतःच प्यायले. तू परत येणार हे चाचींनी त्यांच्या कानावर घातलं होतं म्हणे, पण का येणार ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग ते उठले. अशफाकला मागच्या खोलीत नेऊन काहीतरी बोलत राहिले. गिऱ्हाइकं ओरडायला लागली तरी दोघं बाहेर येईनात. आले तेव्हा अशफाकचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि चाचांनी टोपी घातली, चपला टाकून बूट चढवले आणि मला म्हणाले, "चाल. म्या येतो नागपूरले." नाजिश, ऐकतेयस का? सोयाबीनच्या सीझनमधे इब्राहीम चाचा दुकान सोडून निघाले! ज्यांनी तुझ्या मामाच्या लग्नात दुपारचं जेवण झाल्याबरोबर परत येऊन शटर उघडलं होतं, ते. कुलसुम चाची घरातून धावत आल्या, म्हणाल्या, गुडघ्याचं काय? तर म्हणतात, "गुडघा बसमंधी बसूनच तं असते."

बसमधे खिडकीची जागा मला दिली. आधी मला पापुद्र्याचं सगळं दोनदा समजावून सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना माझीच एक चूक त्यांनी पकडली, मी खुंट्या वर आणि पापुद्रा खाली सांगत होते. मग चौकशी सुरू झाली, ती पुरा प्रवासभर. ती काय खाते, कुणी रागावतं का, सर चांगले आहेत का, उन्हाळ्यात खोलीत पंखा चालतो का. हे सगळं त्यांनी तुलाच कधी विचारलं नाही का गं? कारंजा गेलं, धनज मागे पडलं, आणि मग हळूच विचारलं, "तिले येते का थे काम? खरं सांगजो, तोंडदेखलं नको सांगू." मी म्हटलं, चाचा, आमच्या लॅबमधे तो पापुद्रा खुंट्यांवर न फाडता उतरवणारी ती एकटी आहे. आम्ही बाकीचे श्वास रोखून उतरवतो, तरी दहातले आठ फाडतो. ती गाणं गुणगुणत उतरवते. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "मंग माह्या गुडघ्याचं काय सांगून राह्यली थे?" मी झोपेचं सोंग घेतलं, कारण याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. रात्री त्यांच्या साडूकडे उतरलो. मला तिथे इतकं जेवायला घातलं, की आज सकाळी लॅबचा जिना चढताना धाप लागली.

लॅबमधे यंत्र सांभाळणारे किसनसिंग म्हणून आहेत, भला माणूस. त्यांनी चाचांना निळे प्लॅस्टिकचे मोजे बुटांवर चढवायला दिले आणि आत घेतलं. मी तुकडा सुलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ऐक, आता खरं खरं सांगते. एका बाजूच्या खुंट्या पार उघड्या पडल्यात, तिथला पापुद्रा खरवडून गेलाय. दुसऱ्या बाजूचा जागेवर आहे, तू घातला होतास तसा. आणि मधून एक लांब घडी पडलीय, कड आपल्यावरच दुमडून आलेली. घडी पडलेल्या जागीही पापुद्रा ताणला जातो, तिथेही जोड्या अडकू शकतात, हे तुला मी सांगायला नको. अडकतील की नाही, आणि अडकल्या तरी एकेकटा कण देतील की घोळका, हे थंड झाल्याशिवाय देवालाही ठाऊक नाही. गरम असताना जोडी खळग्यातून उडी मारून पळते. चाचांनीही डोळा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या धंद्यातल्या माणसाला ते सहन होईना. "ही कोनं बांधली? अशी ताडपत्री गिऱ्हाइक परत आनून तोंडावर फेकन," म्हणाले. मी म्हटलं, चाचा, बांधणारीनं सुरेख बांधली होती, मेडशीच्या पोरींनी खिरापत समजून हलवली. तेव्हा मात्र ते इतके हसले, की किसनसिंगांनी तोंडावर बोट ठेवून बाहेर जायची खूण केली. तुकडा यंत्रात बसवला, हवा ओढून घेतली, हेलियमचा पंप सुरू झाला. आता तो शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत उतरायचा, म्हणजे काही तास नुसती वाट बघायची. आम्ही कॅन्टीनमधे येऊन बसलो. मी मोबाइल काढला, चाचा कुठेसे गेले आणि हा कागद, पाकीट आणि डिंकाची बाटली घेऊन आले.

तर हे पत्र निकाल कळवायला नाहीच. मी म्हटलं, चाचा, निकाल येऊ द्या, मग दोन्ही एकदम लिहू. ते म्हणाले, "नाई. निकालाच्या आंधी लिह्य. मागून लिहिलं तं तिले वाटन, चमकलं म्हनून अब्बा खुश हाय, नाई तं नाई चमकलं म्हनून समजावून राह्यला." फोन करा म्हटलं, तर म्हणतात, फोनवर आमी बाप-लेक दवाई घेतली का, जेवली का, याच्या पुढं जातच नाई. म्हणून त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं उतरवतेय, माझा एक शब्द नाही. "नाजिश बेटा, तू येनार हे आयकलं तवा मले एक दिवस लय खुशी झाली. घर सुनं लागते, खोटं काहून बोलू. पन काल म्या अर्धं दुकान अशफाकले देऊन टाकलं. पेंटरले फोन बी केला, पाटीवर दोघायचं नाव येनार. आता गादीवर तुह्यासाठी जागा नाई. तुले त्या कामाचा कटाळा आला असन तं सोड, घर तुहं हाय, हसत ये, म्या स्टँडवर घ्याले येतो. पन माह्या गुडघ्याच्या नावानं येशीन तं नको येऊ. माहा गुडघा माहा हाय. थे मशीन आज हो म्हनो का नाई म्हनो, माही बात हेच हाय." हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि मग मला दटावून म्हणाले, की डोळे पुसले हे लिहू नको. हे तुझ्या हातात पडेपर्यंत निकालाबद्दल तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. किसनसिंग दारातून हात हलवून बोलावताहेत, यंत्र थंड झालं. मी उठायला लागले तर चाचांनी हात धरून खाली बसवलं. पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत आधी हे पाकीट जाईल, म्हणतात, आत नंतर जाऊ.

तुझीच, आणि आजपुरती तुझ्या अब्बांची लेखनिक,
योगिनी